नवखा रनिंग बॅक संघात आला, आता पाहायचं काय?

2020 च्या 31 ऑगस्टला अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी लेनर्ड फोर्नेटला मोकळं केलं. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर घेतलेला हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, आणि मोसमाचा पहिला सामना दोन आठवड्यांवर आलेला. त्याच्या जागी मुख्य रनिंग बॅक म्हणून उभा राहिला जेम्स रॉबिन्सन, इलिनॉय स्टेट विद्यापीठाचा मुलगा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये 255 नावं पुकारली गेली होती, त्यात त्याचं नव्हतं. कोविडमुळे मोसमाआधीचे सराव सामनेही रद्द झाले होते. म्हणजे व्यावसायिक सामन्यात त्याला चेंडू घेऊन धावताना कुणी पाहिलेलंच नव्हतं.

13 सप्टेंबरला इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्याने 16 वेळा चेंडू घेतला, 62 यार्ड काढले आणि जॅग्वार्स 27-20 ने जिंकले. त्या मोसमात जॅग्वार्सनी जिंकलेला तो एकमेव सामना. उरलेले पंधरा ते हरले. रॉबिन्सन मात्र 14 सामन्यांत 1,070 यार्ड धावला, आणि पास झेलून मिळवलेले 344 धरले तर एकूण 1,414 यार्ड झाले. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या कुठल्याही नवख्याने तोवर पहिल्या मोसमात एवढे यार्ड मिळवले नव्हते.

अशी बातमी दर उन्हाळ्यात येते: अमुक संघाने तमुक तरुण रनिंग बॅकशी करार केला. लगेच दोन तट पडतात. एका तटाला पुढचा महान खेळाडू सापडलेला असतो, दुसऱ्याला सरावात मार खायला आणलेलं एक शरीर. न्यू जर्सीत असताना ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये मी बरीच वर्षं पहिल्या तटात होतो. संघ अशा मुलाला कसा पारखतो हे कळत गेलं, तसं या बातम्यांकडे पाहणंच बदललं. रविवारी रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला, भारतात जागून सामने पाहणाऱ्या आणि अमेरिकेत राहून हा खेळ आपलासा केलेल्या मराठी मंडळींसाठी ती पारख इथे क्रमाने मांडतो.

नव्याने बघू लागलेल्यांसाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो, नाही तर रनिंग बॅकच्या हाती देतो. रनिंग बॅकने तो छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढायची.

पहिली पायरी: तो आला कुठल्या वाटेने?

बातमीत नाव वाचलं की आधी ही वाट शोधा. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांतल्या शेवटच्या दोन फेऱ्यांत निवडलेला, ड्राफ्ट संपल्यावर फोनवरून घेतलेला, दुसऱ्या संघाने सोडल्यावर उचललेला आणि दुसऱ्याच खेळातून आलेला, अशा चार मुलांना मिळणारा वेळ वेगवेगळा असतो.

सहाव्या-सातव्या फेरीतला खेळाडू म्हणजे संघाने थोडी का होईना, किंमत मोजलेला. टेरेल डेव्हिस 1995 मध्ये सहाव्या फेरीत 196 वा गेला आणि 1998 मध्ये 2,008 यार्ड धावला. आयझाया पाचेको 2022 मध्ये सातव्या फेरीत 251 वा गेला आणि त्याच मोसमात कॅन्सस सिटी चीफ्सकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

ड्राफ्ट संपल्यानंतरच्या काही तासांत वेगळाच बाजार भरतो. निवड न झालेल्या मुलांच्या एजंटांना बत्तीस संघांचे फोन सुरू होतात. इथे मुलाला प्रथमच स्वतःचा संघ निवडता येतो, म्हणून सातव्या फेरीत शेवटी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलं जाणं कधी कधी बरं असतं. शहाणा एजंट चार-पाच हजार डॉलरच्या जास्तीच्या बोनसकडे बघत नाही. त्या संघात आधीच किती रनिंग बॅक आहेत, त्यांचे करार कधी संपतात, प्रशिक्षक पूर्वी अशा मुलांना खेळवत होते का, हे तो आधी बघतो. तुम्हीही तेच बघा. संघाच्या यादीत दोन तिशीकडे झुकलेले आणि एक जखमी असेल तर त्या छोट्या बातमीत दम आहे.

दुसऱ्या खेळातून आलेल्यांबद्दल मला ओढ वाटते, पण इथे संयम लागतो. रग्बी लीगमधून आलेला जॅरिड हेन 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सच्या अंतिम यादीत पोचला. पहिल्याच सामन्यात किक झेलताना त्याच्या हातून चेंडू निसटला. तो आठ सामने खेळला आणि 17 वेळा चेंडू घेऊन 52 यार्ड धावला. वेल्सचा लुईस रीस-झॅमिट 2024 मध्ये रग्बी सोडून चीफ्सकडे आला, ऑगस्टमध्ये यादीतून कापला गेला आणि पुढच्या वर्षी रग्बीत परतला. पळण्यात दोघेही कुणाला हार जाणारे नव्हते. कमतरता कुठे होती ते पाचव्या पायरीवर येईल.

दुसरी पायरी: करार वाचा, आकडा नको

"तीन वर्षांचा करार" या शब्दांनी हुरळून जाऊ नका. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या प्रत्येक नवख्याचा करार नियमानेच तीन वर्षांचा असतो आणि निवडलेल्याचा चार वर्षांचा. त्या वर्षांना स्वतःची किंमत नसते, किंमत असते खात्रीच्या रकमेला. संघाने मुलाला उद्या काढलं तरी त्याला किती पैसे मिळतील, तो आकडा शोधा. बहुतेकांचा तो नगण्य असतो. एखाद्या नवख्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खात्रीचा असेल, तर तीन-चार संघ त्याच्या मागे होते असं समजायला हरकत नाही.

2024 मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला 7 लाख 95 हजार डॉलर होता, पण तो अंतिम यादीत राहिला तरच. सराव पथकात म्हणजे प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये गेला तर आठवड्याला 12,500 डॉलर. अनेक करारांत आणखी एक कलम असतं: जखमी होऊन यादीबाहेर गेलास तर पगार कमी. ज्या जागेवर गुडघे आणि घोटे रोज पणाला लागतात, तिथे हे कलम मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी सही करण्याआधी दोनदा वाचायला हवं.

संघ या वाटेने का जातात तेही याच आकड्यांतून कळतं. 2023 मध्ये सेक्वान बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड यांना संघांनी फ्रँचायझी टॅग लावून, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष ठेवण्याचा हक्क वापरून, रोखून धरलं, तेव्हा टॅगची रक्कम 1 कोटी 91 हजार डॉलर होती. त्याच वर्षी नवख्याचा किमान पगार होता साडेसात लाख. एका अनुभवी माणसाच्या पैशांत तेरा नवखे. 2013 आणि 2014 अशी सलग दोन वर्षं पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही, त्यामागेही हाच हिशेब होता. मला तो खेळाडूंवर अन्याय करणारा वाटतो. पण संघाच्या बाजूने पाहिलं तर तो चुकीचा म्हणता येत नाही.

तिसरी पायरी: त्याचे कॉलेजचे सामने पाहा, पण घड्याळ बाजूला ठेवून

ड्राफ्टआधीच्या चाचणीतली चाळीस यार्डांची धाव, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, तिची वेळ सगळ्यांना तोंडपाठ असते. क्रिस जॉन्सनने 2008 मध्ये ती 4.24 सेकंदांत मारली आणि पुढच्या वर्षी तो 2,006 यार्ड धावला. घड्याळ कधी खरं बोलतं ते असं. रॉबिन्सनची वेळ मात्र 4.64 होती, त्याच्या जागेसाठी सामान्यच. त्याच चाचणीत तो जागेवरून उभा 40 इंच उडाला होता, म्हणजे पायांत स्फोटक ताकद भरपूर होती. वेळ बघून पुढे गेलेल्यांचं त्या उडीकडे लक्ष गेलं नाही.

त्याच्या सर्वांत लांब धावा शेवटी पाहा. त्या सगळ्यांच्याच छान दिसतात. आधी शोधा त्याच्या दोन-तीन यार्डांच्या धावा, जिथे पुढची वाट बंद झाली होती. तिथे तो काय करतो? भिंतीवर आदळून जागीच संपतो, मागे फिरून पाच यार्ड गमावतो, की खांदा तिरका घालून, पाय हलते ठेवून दोन यार्ड ओरबाडून आणतो? प्रशिक्षक या दोन यार्डांवर जीव टाकतात, कारण दुसऱ्या प्रयत्नाला आठ यार्ड उरणं आणि बारा उरणं यात सामन्याचा रंग बदलतो.

मग नजर पाहा. ज्याने गावच्या मैदानावर कबड्डी पाहिली आहे त्याला ही गोष्ट पटकन कळेल. चांगला चढाईपटू समोरच्या कोपरारक्षकाकडे बघत असतो, पण त्याला साखळी कुठे सैल पडली ते दिसलेलं असतं. रनिंग बॅकही पहिल्या बचावपटूला चकवताना दुसऱ्याची जागा वाचत असतो. एका पावलात दिशा बदलून सरळ पुढे घुसणारा मुलगा, चार पावलं नाचून बाजूला पळणाऱ्यापेक्षा व्यावसायिक खेळात जास्त टिकतो. कॉलेजात नाचणं चालून जातं, कारण समोरचे अकराच्या अकरा वेगवान नसतात. इथे असतात.

छोट्या विद्यापीठातल्या मुलाबद्दल एक शंका कायम असते: समोर दुबळे होते म्हणून तर हा धावला नाही ना? त्यावर उपाय आहे. त्याच्या विद्यापीठाने मोठ्या विद्यापीठाविरुद्ध खेळलेले एक-दोन सामने असतातच, तेवढेच काढून बघा. संघ हरलेला असेल, हरकत नाही. त्या सामन्यात पहिला धक्का बसल्यावर तो किती पुढे गेला, एवढं मोजा.

चौथी पायरी: संघाची पद्धत आणि मुलगा यांचं जमतं का?

या पायरीवर चाहते सगळ्यात जास्त चुकतात. धावण्याच्या खेळ्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीत समोरची भिंत ठरल्या जागी फोडून खिंड पाडतात आणि रनिंग बॅकने त्यातून घुसायचं. दुसरीत पाचही लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड अडवणारे, एकाच दिशेने सरकतात, बचाव त्यांच्यासोबत ताणला जातो, आणि रनिंग बॅकने जिथे फट पडेल तिथे एक पाऊल रोवून वळायचं. दुसरीला झोन म्हणतात.

माइक शॅनहन डेन्व्हर ब्राँकोजचे मुख्य प्रशिक्षक आणि अ‍ॅलेक्स गिब्ज लाइनचे प्रशिक्षक होते, त्या काळात त्यांनी झोन पद्धतीतून रनिंग बॅकांची खाणच उघडली. टेरेल डेव्हिस सहाव्या फेरीतला. तो जायबंदी झाला तर 1999 मध्ये चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी 1,159 यार्ड धावला. 2000 मध्ये सहाव्या फेरीतला, आधी मरीन दलात असलेला माइक अँडरसन 1,487 यार्ड धावला. पुढे शॅनहन वॉशिंग्टनला गेले आणि 2012 मध्ये तिथेही सहाव्या फेरीतल्या आल्फ्रेड मॉरिसने पहिल्याच मोसमात 1,613 यार्ड काढले. शॅनहनच्या हाताखाली शिकलेले गॅरी क्युबियाक ह्यूस्टन टेक्सन्सचे प्रशिक्षक असताना ड्राफ्टमध्ये न निवडलेला एरियन फॉस्टर 2010 मध्ये 1,616 यार्डांसह संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. त्याच्या आधीच्या वर्षी तो सराव पथकात होता.

म्हणजे पद्धतच सगळं करते, मुलगा कुणीही चालतो? नाही. त्या पद्धतीला हवा तसा मुलगा शोधण्याची नजर त्या प्रशिक्षकांकडे होती. उलट उदाहरण ट्रेंट रिचर्डसनचं. 2012 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला, अंगात बैलासारखी ताकद. सप्टेंबर 2013 मध्ये कोल्ट्सनी पुढच्या ड्राफ्टची पहिली फेरी देऊन त्याला क्लीव्हलंडकडून घेतला. कोल्ट्सकडून त्या मोसमात 157 धावांत 458 यार्ड, दर धावेला तीन यार्डही नाहीत. फट उघडलेली असायची, तो तिच्यात वेळेवर वळायचा नाही.

तेव्हा संघाचा खेळ्या ठरवणारा प्रशिक्षक पूर्वी कुठे होता ते शोधा आणि तो तिथे कसल्या रनिंग बॅकला खेळवत होता ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी: चेंडू हातात नसताना

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण नवख्यांची नावं यादीतून कापली जातात ती इथे.

क्वार्टरबॅक पास फेकायला मागे सरकतो तेव्हा त्याच्याभोवती पाच लाइनमन असतात. बचाव संघ कधी चार पाठवतो, कधी पाच, कधी सहा. जास्तीचे धाडायला ब्लिट्झ म्हणतात. त्या जास्तीच्या माणसाला थोपवायचं काम बहुतेक वेळा रनिंग बॅकचं. एकशे पंचाण्णव पौंडांच्या मुलाने दहा यार्ड धावत येणाऱ्या दोनशे चाळीस पौंडांच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, छातीवर घ्यायचं. चुकला तर संघाचा सगळ्यात महागडा माणूस पाठीमागून मार खातो. चेंडू फेकणारा बहुतेक उजव्या हाताचा, म्हणून डावीकडून येणारा त्याला दिसतसुद्धा नाही. नवखा कितीही सुंदर धावत असो, हा धोका कुठलाही प्रशिक्षक पत्करत नाही.

ताकद यातला अर्धा भाग, बाकी सगळी ओळख. खेळी सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक किंवा त्याला चेंडू मागे देणारा सेंटर बोट दाखवून मधला लाइनबॅकर कोण ते सांगतो, आणि त्यावरून लाइनमन कुणाकुणाला धरणार हे ठरतं. रनिंग बॅकने तेवढ्यात हिशेब करायचा: माझ्या वाट्याला कोण? तो आलाच नाही तर दुसरा कोण? दोघेही आले नाहीत तर मी पास झेलायला कुठे पळू? धोका आतून बाहेर असा वाचायचा. मधून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंत कमी अंतर कापावं लागतं, म्हणून आधी मधला, मग कडेचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात. रग्बीतून आलेल्या वेगवान मुलांचं गाडं इथे अडतं. ही भाषा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली नसते.

घरबसल्या हे असं पाहा. तिसरा प्रयत्न आहे, सात-आठ यार्ड हवेत, म्हणजे पास येणार हे सगळ्यांना ठाऊक. अशा वेळी आपला नवखा मैदानावर आहे की बाजूला बसवलाय? सराव सामन्यांत पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकसोबत तो तिसऱ्या प्रयत्नाला मैदानात ठेवला गेला, तर समजा प्रशिक्षकांचा विश्वास बसलाय. त्या दिवशी त्याने किती यार्ड काढले ते मग फारसं महत्त्वाचं नाही. पुढे त्याचे खांदे बघा. येणाऱ्याची वाट पाहत मागे झुकतोय, की गुडघे वाकवून, हात आत ठेवून स्वतः एक पाऊल पुढे जाऊन धडक घेतोय? डोकं खाली घालून आंधळेपणाने झेपावणारा एकदा वाचतो, दुसऱ्यांदा समोरचा त्याच्यावरून उडी मारून जातो.

पिट्सबर्ग स्टीलर्सचा जेलेन वॉरन 2022 मध्ये ड्राफ्टमध्ये न निवडलेला, उंचीला बुटका. पहिल्या फेरीतला नाजी हॅरिस संघात असताना त्याने स्वतःची जागा मिळवली, ती मोठ्या प्रमाणात या थोपवण्याच्या जोरावर. ट्रेनिंग कॅम्पमध्ये रनिंग बॅक विरुद्ध लाइनबॅकर अशी समोरासमोरची कवायत होते. कॅम्पच्या बातम्या वाचत असाल तर त्या कवायतीत आपल्या मुलाबद्दल काय लिहिलंय ते आधी शोधा.

झेलण्याचं कौशल्य यालाच जोडून येतं. ऑस्टिन एकेलर कोलोरॅडोतल्या वेस्टर्न स्टेट या छोट्या विद्यापीठातून 2017 मध्ये न निवडला जाता चार्जर्सकडे आला. 2022 मध्ये त्याने एका मोसमात 107 पास झेलले. थोपवता आणि झेलता, दोन्ही येत असेल तर समोरच्या बचावाला तो मैदानात आला म्हणजे काय होणार याचा अंदाज बांधता येत नाही.

सहावी पायरी: चेंडू घट्ट आहे ना?

थोडक्यात सांगतो, कारण यात वाद नाही. दोनदा चेंडू निसटलेला नवखा तिसऱ्यांदा दिसत नाही. चेंडू छातीशी उंच धरलाय का, कोपर शरीराला चिकटलाय का, गर्दीत शिरताना दुसरा हात वर येतो का, एवढंच बघा. ही सवय शिकवता येते. न्यूयॉर्क जायंट्सच्या टिकी बार्बरच्या हातून 2003 मध्ये नऊ वेळा चेंडू निसटला. पुढच्या वर्षी टॉम कॉफलिन प्रशिक्षक म्हणून आले, त्याची धरण्याची पद्धत बदलण्यात आली, आणि 2005 मध्ये 1,860 यार्ड धावताना फक्त एकदा निसटला. पण बार्बर तेव्हा नावाजलेला होता, म्हणून त्याला शिकायला वेळ मिळाला. नवख्याला तो मिळत नाही. त्याला हे येतच आलं पाहिजे.

सातवी पायरी: स्पेशल टीम्स

अंतिम यादी 53 जणांची, सामन्याच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त 48 खेळू शकतात. रनिंग बॅक तीन, फार तर चार. तिसऱ्या-चौथ्याला धावायला मिळतच नाही. मग तो 48 मध्ये कशासाठी? किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंट (चेंडू सोडून देताना लांब मारलेली किक) या वेळी पळत जाऊन समोरच्याला पाडण्यासाठी, किंवा ती किक झेलून परत आणण्यासाठी. टेरेल डेव्हिसची गोष्ट डेन्व्हरमध्ये अजून सांगतात: टोकियोत झालेल्या एका सराव सामन्यात किकऑफला त्याने केलेला एक जोरदार टॅकल प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरला, आणि तिथून त्याचं नशीब फिरलं.

याहून मोठी गोष्ट रहीम मोस्टर्टची. 2015 मध्ये ड्राफ्टमध्ये न निवडलेला. ईगल्स, डॉल्फिन्स, रेव्हन्स, ब्राउन्स, जेट्स, बेअर्स अशा सहा संघांनी त्याला सोडलं. सॅन फ्रान्सिस्कोत तो टिकला तो किकमागे पळणारा म्हणून. मग जानेवारी 2020 मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध, सुपर बोलच्या उंबरठ्यावरच्या सामन्यात, 220 यार्ड आणि चार टचडाऊन, म्हणजे चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे. आपल्याला सोडलं त्या तारखा त्याने लिहून ठेवल्या होत्या. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

2024 मध्ये किकऑफचा नियम बदलला आणि किक परत आणण्याचे प्रसंग वाढले. त्यामुळे किक झेलणाऱ्या नवख्याची किंमत आता पूर्वीपेक्षा जास्त धरा.

आठवी पायरी: ऑगस्टचे सामने वाचायला शिका

सराव सामन्यांत एक तरी नवखा आतषबाजी करतो. ख्रिश्चन वेड, इंग्लंडचा रग्बीपटू, 2019 च्या ऑगस्टमध्ये बफेलो बिल्सकडून पहिल्यांदा चेंडू हाती आला आणि थेट 65 यार्ड पळून टचडाऊन. अंगावर काटा यावा असा क्षण होता तो. त्यानंतर तो मुख्य मोसमाचा एकही सामना खेळला नाही.

म्हणून आकड्यांशेजारी तीन गोष्टी लिहून ठेवा. सामन्याच्या चार भागांपैकी कितव्या भागात, म्हणजे क्वार्टरमध्ये, धावला? चौथ्या क्वार्टरमध्ये समोर जे असतात, त्यातले बरेच जण पुढच्या आठवड्यात घरी असतात. त्याच्या पुढे लाइनमन कुठल्या फळीचे होते? आणि आठवड्यागणिक तो आधी येऊ लागलाय की उशिरा? पहिल्या सराव सामन्यात चौथ्या क्वार्टरला आलेला मुलगा तिसऱ्या सामन्यात दुसऱ्याच क्वार्टरला आला, तर तो वर चढतोय, यार्ड कितीही असोत. आणखी एक खूण आहे. शेवटच्या सराव सामन्यात त्याला मुद्दाम बसवून ठेवलं, तर बहुतेक वेळा त्याची जागा पक्की झालेली असते. आपल्या मुलाला जखम होऊ नये, म्हणून राखतात.

नववी पायरी: कापणीचा दिवस

ऑगस्टच्या अखेरीस 90 जणांचे 53 होतात. नाव कापलं गेलं म्हणजे संपलं असं धरून चालू नका. चारपेक्षा कमी मोसम झालेला खेळाडू आधी वेव्हर्सवर जातो, म्हणजे बाकीचे संघ चोवीस तासांच्या आत त्याच्यावर हक्क सांगू शकतात. गेल्या मोसमात तळाला असलेल्याचा हक्क पहिला. कुणीच हात वर केला नाही तर जुना संघ त्याला सोळा जणांच्या सराव पथकात ठेवू शकतो. तिथून एका मोसमात तीनदा त्याला सामन्यापुरतं वर आणता येतं. त्यापुढे हवा असेल तर मुख्य यादीत घ्यावं लागतं. दरम्यान दुसरा संघ त्याला आपल्या मुख्य यादीत जागा देऊन उचलू शकतो.

संघासाठी इथे खरी जुगारी वेळ असते. आवडलेला मुलगा सराव पथकात ठेवायचा असेल तर त्याला ऑगस्टमध्ये फार चमकू देत नाहीत. तुमच्या मुलाला तिसऱ्या सामन्यात दोनच धावा मिळाल्या, तर नाराज होण्याआधी या शक्यतेचा विचार करा.

धीरही धरा. रिको डाउडल 2020 मध्ये न निवडला जाता डॅलस काउबॉइजकडे आला. 2021 आणि 2022 या दोन मोसमांत जखमांनी त्याला यादीबाहेर बसवलं. पाचव्या मोसमात, 2024 मध्ये, तो 1,079 यार्ड धावला.

दहावी पायरी: तो चालला तर पुढे काय?

हा भाग चाहते बघत नाहीत, मुलाने आणि त्याच्या एजंटाने मात्र पहिल्या दिवसापासून बघायला हवा. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला दोन मोसम संपेपर्यंत नवा करार मागता येत नाही, निवडलेल्याला तीन. तोवर तो कितीही यार्ड धावो, पगार ठरलेलाच. आणि रनिंग बॅकचं शरीर सगळ्यात ताजं असतं ते नेमकं त्याच दोन-तीन वर्षांत. संघाला त्याची पर्वा असेल तर धावा दोघांत वाटतात, दर सामन्याला चौदा-पंधरापुढे नेत नाहीत. एकट्याला पंचवीस-पंचवीस वेळा पळवणारा संघ त्याला वापरून टाकतोय, हे खेळाडूच्या घरच्यांनी ओळखायला हवं.

रॉबिन्सनच्या बाबतीत काय झालं ते पाहा. 1,070 यार्डांच्या मोसमानंतर चारच महिन्यांत, 2021 च्या ड्राफ्टमध्ये, जॅग्वार्सनी पहिल्या फेरीत 25 व्या क्रमांकावर ट्रॅव्हिस एटिएन हा आणखी एक रनिंग बॅक घेतला. एटिएनच्या पायाला दुखापत झाली, तो वर्षभर बसला आणि भार पुन्हा रॉबिन्सनवर. त्याने 767 यार्ड काढले. 26 डिसेंबरला जेट्सविरुद्ध त्याची टाचेमागची मोठी कंडरा (टेंडन), अ‍ॅकिलिस, फाटली. मोसमाचे दोन सामने उरले होते. ते संपले की त्याला नवा करार मागण्याचा हक्क मिळणार होता. नऊ महिन्यांत तो मैदानावर परतला, 2022 च्या पहिल्याच सामन्यात त्याने टचडाऊन केला, आणि ऑक्टोबरमध्ये जॅग्वार्सनी त्याला सहाव्या फेरीतल्या एका सशर्त निवडीच्या बदल्यात जेट्सना देऊन टाकलं. एटिएन आता धडधाकट होता.